इंका लोकांची डोंगरउतारावरची पायऱ्यांची शेतं इतक्या पावसात ढासळली कशी नाहीत?

दिसते ती भिंत, पण खरी करामत तिच्यामागच्या भरावात आहे. पेरूतल्या माचू पिचू या इंकांच्या जुन्या नगरात, सुमारे २४३० मीटर उंचीवर, पाऊस धो धो पडतो. तिथे तळाशी दगड, त्यावर खडी, मग वाळूमिश्रित माती आणि सर्वांत वर कसदार माती असे थर आहेत. पाणी झिरपून निघून जातं, भिंतीला फुगवटा येत नाही. भिंतही डोंगराकडे किंचित कललेली. शिवाय दगड दिवसा तापतात, रात्री ऊब सोडतात. त्यामुळे मका हिवानं करपत नाही (निदान कमी करपतो). त्याहून वर, जिथे मका येतच नाही, तिथे बटाटा. तोही रात्रीच्या थंडीत गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात वाळवायचा. असा 'चुन्यो' वर्षानुवर्षं टिकतो.