गावातल्या मोकळ्या जागेवर बाग आणि खेळणी करायला सरकारी निधी मिळतो का? अर्ज कुठे करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावठाणाला लागून मोकळी जागा आहे, तिथे आता उकिरडा झालाय. मुलांसाठी खेळणी, वयस्कर माणसांना बसायला बाकं आणि कडेने फिरायला पायवाट करायची आहे. वर्गणीतून भागणार नाही, मग सरकारी पैसा कुठून आणायचा? मी सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीत सदस्य होतो आणि अशा कामांच्या फायली हाताळल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगतो.

पैसा मिळतो, आणि एकापेक्षा जास्त ठिकाणांहून मिळतो. पण कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न येतो तो जागेचा. म्हणून योजनेच्या मागे लागण्याआधी तलाठ्याकडून सातबारा काढा आणि जागा कोणाच्या नावावर आहे ते बघा. गावठाणात असेल तर सातबारा नसतो. तिथे ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८, म्हणजे मिळकतींच्या कर आकारणीचा उतारा चालतो. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रकही मिळेल. जागा ग्रामपंचायतीच्या नावावर असेल तर अर्धी लढाई जिंकलात. गायरान, म्हणजे गुरं चारायला राखलेली सरकारी जमीन, निघालं तर प्रकरण महसूल खात्याकडे जातं आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या मान्यतेशिवाय पुढे सरकत नाही, कारण २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गायरानाचे नियम फार कडक झालेत. खाजगी मालकाने तोंडी ‘वापरा की’ म्हटलं असेल तर त्यावर सरकारी रुपयासुद्धा खर्च होणार नाही. आधी बक्षीसपत्र नोंदवून घ्या.

जागेचा प्रश्न मिटला की ग्रामसभेचा ठराव. ठरावाच्या शब्दांवर फाइल पुढे जाते किंवा परत येते, म्हणून इथे जरा जास्त वेळ घालवा. शेजारच्या एका गावाने ‘गावात बाग करण्यात यावी’ एवढाच ठराव घेतला होता. तो पंचायत समितीतून परत आला आणि तोवर त्या वर्षाचा निधी वाटूनही झाला होता. तुमच्या ठरावात गट नंबर किंवा मिळकत नंबर, क्षेत्र, जागा ग्रामपंचायतीच्या मालकीची असल्याचा उल्लेख, कामाचं नेमकं नाव, सूचक आणि अनुमोदक यांची नावं हे सगळं यायला हवं. त्यातच आणखी दोन वाक्यं घाला: हे काम याआधी दुसऱ्या कोणत्याही योजनेतून झालेलं नाही, आणि काम झाल्यावर त्याची देखभाल-दुरुस्ती ग्रामपंचायत करील. ही दोन्ही पुढे प्रत्येक कार्यालयात मागतातच.

आता निधीचं. सगळ्यात जवळचा पैसा ग्रामपंचायतीच्या हातातला, म्हणजे केंद्राच्या वित्त आयोगाच्या शिफारशीने तिला मिळणारा. १५व्या वित्त आयोगात २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात ६० टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांसाठीच. बागेसाठी हात घालता यायचा तो उरलेल्या ४० टक्के अबंधित रकमेत. दहा लाख आले तर चारच लाख मोकळे असायचे, आणि त्यावर गावातल्या प्रत्येक गल्लीचा डोळा. १६व्या आयोगाचा काळ २०२६-२७ पासून धरलेला आहे, त्याची वाटणी ग्रामसेवकांकडून समजून घ्या. कोणताही आयोग असो, काम ‘आमचं गाव, आमचा विकास’ या ग्रामपंचायतीच्या वार्षिक आराखड्यात असल्याशिवाय त्यावर पैसा खर्ची पडत नाही. हा आराखडा साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून हिवाळ्यात तयार होतो. त्या वेळी बोलला नाहीत तर वर्ष गेलं. तुमच्या गावाचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कोणालाही बघता येतो. सरपंचांकडे जाण्याआधी तो जरूर वाचा, बोलणं वेगळ्या पातळीवर होतं.

दुसरा मार्ग आमदार निधीचा. महाराष्ट्रात एका आमदाराला वर्षाला ५ कोटी मिळतात, खासदारालाही ५ कोटीच, पण खासदाराचा मतदारसंघ सहा विधानसभांचा. म्हणून एवढ्याशा बागेसाठी मी तरी आमदारांकडेच जाईन. आमदार फक्त शिफारशीचं पत्र देतात. पुढची प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियोजन शाखेतून येते, तेव्हा पत्र मिळालं म्हणून घरी बसू नका, ते तिथे पोचलं का ते बघा. नवं आर्थिक वर्ष सुरू होतं तेव्हा, एप्रिल-मे मध्ये गेलात तर हाती काही लागतं. आचारसंहिता लागली की सगळं थांबतं.

तिसरा मार्ग जिल्हा नियोजन समितीचा. तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. यात जनसुविधा आणि मोठ्या ग्रामपंचायतींसाठी नागरी सुविधा अशी स्वतंत्र अनुदानं आहेत. जनसुविधेचा पैसा प्रामुख्याने स्मशानभूमी आणि ग्रामपंचायत भवन यांना जातो, त्यामुळे बागेसाठी तिथे फार आशा धरू नका. गावचं देवस्थान ‘क’ वर्ग, म्हणजे जिल्हा पातळीवर मान्यता मिळालेलं तीर्थक्षेत्र असेल तर मात्र लगतच्या परिसराच्या सुधारणेसाठी तीर्थक्षेत्राच्या निधीतून चांगली रक्कम मिळू शकते. हे बऱ्याच गावांच्या लक्षातच येत नाही. जागा अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध वस्तीत असेल तर वस्ती विकास योजनेतून रस्ते, गटारं, समाजमंदिर अशी कामं होतात. तो पैसा त्याच वस्तीसाठी आहे. दुसरीकडे वळवायचा विचारही कुणी मांडू देऊ नका. ग्रामविकास खात्याचा ‘२५१५’ हा शब्दही कानावर येईल. लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या मूलभूत सुविधांचं ते लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशोबातलं खातं आहे, आणि ती मंजुरी मंत्रालयातून येते. खुली व्यायामशाळा किंवा मैदान करायचं असेल तर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे व्यायामशाळा आणि क्रीडांगण विकासाची अनुदानं आहेत, तिथे जाऊन चौकशी करा.

तुमचं गाव नगरपंचायत झालेलं असेल तर हिशोब बदलतो. तिथे नगरोत्थान आणि वैशिष्ट्यपूर्ण कामांचा निधी असतो. पुण्यासारख्या महापालिकेत तर नागरिकच अंदाजपत्रकासाठी कामं सुचवू शकतात. २००६-०७ पासून ती पद्धत आहे आणि अर्ज क्षेत्रीय कार्यालयात घेतात.

माझा सल्ला विचाराल तर सगळं काम एकाच निधीतून मागू नका. कुंपण आणि सपाटीकरण अबंधित निधीतून, खेळणी आमदार निधीतून, अशी फोड करा. लहान रकमेला मान्यता लवकर मिळते. फक्त एकच बाब कामाच्या खर्चाच्या दोन अंदाजपत्रकांत येणार नाही हे शाखा अभियंत्यासमोर बसून तपासा.

पाण्याचंही आत्ताच ठरवा. झाडं लावायला पैसे मिळतात, पण उन्हाळ्यात ती जगवायला माणूस आणि पाणी कोणतीच योजना कायमचं देत नाही. आमच्या भागात बागा उजाड झाल्या त्या एप्रिल-मे मध्येच. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली चांगली असलेल्या ग्रामपंचायतीलाच हे झेपतं, तेव्हा थकबाकीचा आकडाही ग्रामसभेत विचारा.

आणि मंजुरी आली की त्याच दिवशी मंजूर अंदाजपत्रकाची प्रत मागून घ्या. देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा. पेव्हर ब्लॉकची जाडी, पाइपचा व्यास, झोपाळ्याच्या पायाचं काँक्रीट हे सगळं त्यात बाबवार लिहिलेलं असतं. काम चालू असताना टेप घेऊन जा आणि मोजा. मोजमाप पुस्तिकेत नोंद होऊन बिल निघालं की मग ठेकेदार फोन उचलत नाही.