मुलीच्या गणितासाठी खासगी शिकवणी हवी आहे. मोफत साइटवरून शोधावी की ओळखीतून? ओळखीतला माणूस असला की विश्वास वाटतो.

ओळखीतून नको. निदान ज्यांच्या घरी तुमचं वर्षभर जाणं-येणं असतं, त्यांच्या ओळखीतून तर नकोच.

'ओळखीतला माणूस असला की विश्वास वाटतो' असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. आमचे मोठे दीर हेच म्हणाले होते, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसलेय. लेकीचं बीजगणित अडलं होतं. मी साइटवर शिक्षकांशी बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात भाऊजींनी परस्पर आपल्या एका निवृत्त सहकाऱ्यांना शब्द देऊन टाकला. "घरचाच माणूस आहे, पैसेही नको म्हणतायत." झालं! ज्याला पैसे द्यायचे नाहीत त्याला बोलायचं कोणत्या तोंडाने?

सर सज्जन होते, गणितात पक्के होते. वेळेवर यायचे, सुंदर अक्षरात गणितं सोडवायचे. हो, तेच सोडवायचे. पोरगी शेजारी बसून मान डोलवायची आणि मग उतरवून काढायची. "समजलं ना?" "हो." कंसाबाहेर वजा असला की आतली चिन्हं बदलतात, हे तिच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. मी म्हटलं, अगं, मग विचारत का नाहीस? तर म्हणाली, "ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. आता परत कसं विचारू, काकांचे मित्र आहेत ना."

मला तर त्याहून अवघड. शिकवणी थांबवूया म्हटलं की भाऊजी म्हणणार, "त्यांना काय वाटेल?" मुलीला काय येतंय हा मुद्दा कुणाच्याच डोक्यात नाही. अख्खं सत्र गेलं. शेवटी शाळेत जादा तास सुरू झालेत असं खोटं सांगून मी विषय संपवला. भाऊजींना ते खोटं अजून सलतं. मला ते सत्र सलतं.

या वादात त्यांचा हुकमी एक्का म्हणजे खान अकॅडमी, ती व्हिडिओंतून मोफत शिकवणारी साइट. तिचा संस्थापक सलमान खान (नट नव्हे) २००४ मध्ये आपल्या मामेबहिणीला, की चुलतबहिणीला, दुसऱ्या शहरातून फोनवर गणित शिकवायला लागला, त्यातूनच पुढे एवढं मोठं काम उभं राहिलं, म्हणजे नात्यातला शिक्षकच खरा! पण गोष्ट इथे संपत नाही. २००६ पासून त्याने यूट्यूबवर व्हिडिओ टाकायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्याकडे शिकणाऱ्या भावंडांनीच त्याला सांगितलं की तू समोर असण्यापेक्षा व्हिडिओत बरा वाटतोस. २०११ च्या टेड व्याख्यानात त्याने स्वतःच हे सांगितलंय. व्हिडिओ थांबवता येतो, तोच भाग पुन्हा बघता येतो, आणि इतकं साधं कसं येत नाही म्हणून कुणाला तोंड द्यावं लागत नाही. भाऊजींना मी हे ऐकवलंय. ते विषय बदलतात.

नंतर साइटवरून मिळालेल्या मॅडमनी पहिल्या तासाला पुस्तक उघडलंच नाही. एक गणित दिलं आणि गप्प बसून लेकीचा हात बघत राहिल्या. बीजगणित ठीक आहे, घोळ ऋण संख्यांचा आहे, हे त्यांना तिथेच कळलं. लेक तेच तेच बिनधास्त विचारायची. मॅडम परक्या, त्या कुणाला सांगणार? म्हणून ट्रायलला, म्हणजे चाचणीच्या पहिल्या तासाला, एवढंच बघा की पेन कुणाच्या हातात आहे. शिक्षकाच्या हातात असेल तर पुढचा तास घेऊ नका. पदव्या नंतर बघा.

आता तुमच्या 'मोफत'बद्दल. शोधणं मोफत असतं, शिकवणी नव्हे, आणि साइट कुणाच्या ना कुणाच्या खिशातून कमावतेच. प्रेप्लीसारख्या ठिकाणी ट्रायलचे सगळे पैसे कंपनी ठेवते आणि पुढच्या तासांवर ३३ ते १८ टक्के कापते. शिक्षकाचे तास वाढतील तशी कपात कमी होते. म्हणजे ट्रायल घेणारा शिक्षक त्या तासाला फुकट राबत असतो, तेव्हा तो थोडी जाहिरात करणारच. काही साइट तुमची चौकशीच शिक्षकांना विकतात. तिथे रोजचा नंबर टाकलात तर दिवसभर फोन घेत बसाल. खरोखर मोफत हवं असेल तर स्कूलहाउस डॉट वर्ल्ड बघा. तीही त्याच खानने २०२० मध्ये सुरू केली. स्वयंसेवक लहान गटांना गणित शिकवतात. शिकवणारा बहुतेक वेळा विद्यार्थीच असतो, पण आधी त्याला तो धडा मोठ्याने समजावून सांगत सोडवल्याचं रेकॉर्डिंग द्यावं लागतं. आमच्या सरांकडून कुणी तेवढं तरी घेतलं असतं! माध्यम इंग्रजी आहे, तेवढं मुलीला झेपतंय का बघा.

एकट्याची शिकवणी म्हणजे जादू, असं समजू नका. क्लासवाले अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूमचा १९८४ चा लेख नाचवतात, की शिकवणीतला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेला. त्या मुलांना एक धडा पक्का झाल्याशिवाय पुढचा देतच नव्हते, हे मात्र कुणी सांगत नाही. ब्लूमचा तो फरक दोन प्रमाण विचलनांचा होता (मुलांचे गुण सरासरीपासून किती पसरलेत, याचं ते माप). २०११ मध्ये कर्ट व्हॅनलेन या संशोधकाने शिकवणीवरचे बरेच अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्या दोनच्या जागी ०.७९ निघालं. तेही कमी नाही, पण नुसता माणूस घरी येऊन बसल्याने ते मिळत नाही.

बरं, ओळखी अगदीच टाकाऊ नाहीत, हे मान्य. पण 'चांगलं कोण शिकवतं?' असं विचारू नका, सगळे आपापल्या माणसाचं नाव पुढे करतात. 'तुमचा मुलगा कुठे अडला होता, आणि तो सुटला कशाने?' असं विचारा. ज्याला याचं उत्तर देता येतं त्याच्याकडून नंबर घ्या. कॉलेजच्या गणित विभागात विचारा, वाचनालयाच्या फलकावर चिठ्ठी लावा. शिक्षक दोन घरं पलीकडच्या ओळखीतला असावा, म्हणजे चौकशी करता येते आणि नको झाला तर नको म्हणताही येतं.

परका माणूस म्हटल्यावर काळजी घ्यायची ती घ्याच. साइटवरची 'पडताळणी' बहुतेक वेळा फक्त ओळखपत्राची असते, शिकवण्याची नाही, स्वभावाची तर नाहीच. आधीच्या पालकांशी स्वतः फोनवर बोला, शिकवणी दार उघडं ठेवून किंवा तुम्ही घरात असताना होऊ द्या, आणि सहा महिन्यांचे पैसे आगाऊ मागणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

आणि हो, मूल अगदी लहान असेल, नुकतं वाचायला लागलेलं वगैरे, तर वरचं बरंचसं लागू नाही. त्या वयात ओळखीचं माणूसच बरं. भाऊजींनी हे वाचलं तर एवढंच वाक्य कापून फॅमिली ग्रुपवर टाकू नये.