नाताळनंतर जोडलेले लेगोचे गाव पुढच्या डिसेंबरपर्यंत कसे ठेवावे?

आपण विचारले आहे की लेगोच्या नाताळ-गावातील सहा इमारती आणि आगगाडी जानेवारीत आवरताना पुन्हा तुकडा-तुकडा सुटा करण्याची वेळ येऊ नये, घरात काचेचे कपाट नाही आणि जागा म्हणून फक्त माळा आहे, तर हे सारे जोडलेल्या स्थितीत वर्षभर कसे ठेवावे. लेगोची ‘विंटर व्हिलेज’ ही नाताळ-गावाची मालिका २००९ साली खेळण्यांच्या दुकानाच्या संचापासून सुरू झाली. आमच्या पुण्यातल्या घरी मात्र ती २०१६ च्या आगगाडीबरोबर शिरली आणि तेव्हापासून दर जानेवारीत हे आवरण्याचे काम माझ्याकडे आहे. पहिली दोन वर्षे मीही इमारती अखंड ठेवण्याचा हट्ट धरला होता. तो सोडल्यापासून नुकसान जवळजवळ थांबले आहे, आणि माझा सल्लाही तोच आहे: इमारती पूर्ण सुट्या करू नका, पण पूर्ण जोडलेल्याही ठेवू नका.

याचे कारण विटांच्या पकडीत आहे. लेगोच्या दोन विटा केवळ घर्षणाने एकमेकींना धरून असतात. सरळ वर ओढले तर त्या चांगला प्रतिकार करतात, परंतु कडेने उचकटणारा जोर आला की जोड एका टोकापासून सहज सुटत जातो. आपण इमारत उचलतो तेव्हा हात भिंतीला असतो आणि वजन तळाशी, त्यामुळे नेमका हाच उचकटणारा जोर तयार होतो. म्हणून मोडतोड खोक्यातल्या दहा महिन्यांत फारशी होत नाही. ती आवरण्याच्या आणि काढण्याच्या दिवशी, आपल्याच हातून होते. हे एकदा ध्यानात आले की इमारत कुठे विलग करायची हेही आपोआप कळते. छप्पर, धुराडे, दिव्याचे खांब, झाडे, पाट्या आणि माणसे आधी काढावीत, मग मजले वेगळे करावेत आणि प्रत्येक भाग दोन्ही तळहातांवर निवांत मावेल एवढाच ठेवावा. आमची सर्वांत मोठी इमारत अशा रीतीने चार भागांत जाते आणि डिसेंबरात दहा मिनिटांत पुन्हा उभी राहते. छोट्या माणसांच्या हातांतील कप, पेट्या, बर्फाची फावडी काढून ठेवलेली बरी, कारण त्या इवल्या मुठी दहा महिने ताणलेल्या राहण्याचे काही कारण नाही. निघालेले किरकोळ तुकडे ज्या इमारतीचे असतील त्याच इमारतीच्या खोक्यात, झिपच्या पिशवीत घालावेत. सगळ्या गावाची मिळून एकच ‘सुटे भाग’ अशी पिशवी केलीत तर पुढच्या वर्षी एक आख्खा रविवार तिच्यात जाईल.

याला एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. लालसर तपकिरी, गडद तपकिरी आणि गडद लाल रंगांचे काही वर्षांपूर्वीचे तुकडे ठिसूळ होतात, हा अनेक संग्राहकांचा अनुभव आहे. नखाने हलकेच उचलले तरी पातळ पट्टीला चीर जाते किंवा चिमट्यासारख्या तुकड्याचे एक टोक तुटते. नाताळ-गावात लाकडी तुळया, दारे आणि कुंपणे याच रंगांची असतात. तेव्हा विलग करण्याची जागा निवडताना हे जोड टाळावेत आणि शक्य तिथे पांढऱ्या किंवा करड्या विटांच्या थरावर इमारत उघडावी. इमारती पातळ, मोठ्या बेसप्लेटवर मांडल्या असतील तर त्या त्यावरून काढून घ्याव्यात. बत्तीस बाय बत्तीस खुंट्यांची ही पाटी २५.६ सेंटिमीटरची असते, उचलताना मध्ये वाकते आणि वरची भिंत उखडते. पाटीसकटच ठेवायचे असेल तर खाली सनबोर्डाचा तुकडा घालावा आणि उचलताना हात सनबोर्डाखाली घालावेत.

खोक्याबाबत एकच सूचना करते: माप तळाचे घ्या. बाजारातील प्लॅस्टिकचे डबे बहुधा खाली निमुळते होत जातात, त्यामुळे वरून प्रशस्त दिसणाऱ्या डब्यात पाटी तळापर्यंत पोहोचतच नाही. चारी बाजूंनी दोन सेंटिमीटर जागा सोडून तीत पांढरा टिश्यू पेपर किंवा जुन्या सुती साडीचे तुकडे सैलसर भरावेत. वर्तमानपत्र नको, कारण त्याची शाई घासून बर्फाच्या पांढऱ्या विटांना लागते. बबल रॅप चालतो, मात्र फुगे बाहेरच्या बाजूला असावेत. स्वयंपाकघरातील चिकटणारी पातळ फिल्म इमारतीला थेट गुंडाळू नका. ती पीव्हीसीची असेल तर तिच्यातील मऊपणा आणणारी रसायने कालांतराने विटांच्या पृष्ठभागात उतरतात आणि विटा निस्तेज, चिकट होतात. साधे रबरबँडही आपल्या उन्हाळ्यात वितळल्यासारखे होऊन चिकटतात.

आता माळ्याविषयी. लेगोच्या बहुतेक विटा १९६३ पासून एबीएस नावाच्या प्लॅस्टिकच्या बनतात आणि हे प्लॅस्टिक साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, म्हणजे माळ्यावर त्या वितळणार नाहीत. तरीही स्लॅबखालचा माळा एप्रिल-मे महिन्यांत भट्टीसारखा तापतो, आणि उष्णता व वजन दोन्ही सतत असतील तर लांब पातळ पट्ट्या हळूहळू वाकतात, स्टिकरच्या कडा सुटतात, पांढऱ्या विटा पिवळसर होण्याचा वेग वाढतो. आपले घर सर्वांत वरच्या मजल्यावर असेल तर माळा सोडून दिवाणाचा कप्पा वापरा. तो अंधारा, सपाट आणि तुलनेने थंड असतो, आणि छपरे काढल्यावर बहुतेक इमारती त्याच्या उंचीत बसतात. माळ्याशिवाय पर्यायच नसेल तर अपारदर्शक डबे घ्यावेत आणि त्यांवर गाद्या, बॅगा रचू नयेत.

कपड्यांच्या पेटीत टाकतो तशा डांबरगोळ्या या डब्यांत अजिबात टाकू नका. नॅफ्थलिनची वाफ बंद डब्यात साठते आणि एबीएससारख्या स्टायरीनच्या प्लॅस्टिकला ती मानवत नाही. शिवाय तो वास विटांच्या पोकळ्यांतून महिनोन्‌महिने जात नाही. घट्ट झाकणाचा डबा असेल तर झुरळे आत येत नाहीत, एवढे पुरे आहे. दमटपणाची चिंता मात्र विटांपेक्षा पुस्तिका, मूळ खोकी आणि आगगाडीच्या चाकांचे धातूचे आस यांच्यासाठी करावी. या बाबतीत नाताळ आपल्या सोयीचा आहे: गणपतीचे मखर आपण भाद्रपदाच्या ओलसर हवेत गुंडाळतो, पण जानेवारीत पुण्याची हवा कोरडी असते आणि तीच कोरडी हवा डब्यात बंद होते. आपण मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या घालाव्यात आणि पावसाळा संपल्यावर त्या बदलाव्यात.

आगगाडीच्या बॅटरी बॉक्समधील सेल काढलेच पाहिजेत, हे मी अनुभवाने सांगते. आम्ही नंतर मोटर बसवली होती आणि एका वर्षी सेल आतच राहिले. डिसेंबरात उघडले तेव्हा संपर्काच्या पत्र्यांवर पांढरी खरपुडी धरली होती. अल्कलाइन सेलमधून गळणारा द्रव क्षारधर्मी असतो, म्हणून हातमोजे घालून, व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने पत्रे पुसले, मग कोरडे केले, आणि गाडी सुदैवाने पुन्हा धावली. दिव्याच्या विटेत बटनासारखे छोटे सेल असतात. त्यांकडेही लक्ष असू द्यावे.

बंद करण्यापूर्वी धूळ काढणे आवश्यक आहे, कारण स्वयंपाकघराजवळ मांडलेल्या गावावर फोडणीचा तेलकट थर बसतो आणि तो वर्षभरात घट्ट होतो. मेकअपचा मऊ ब्रश बहुतेक ठिकाणी पुरतो. धुवायचेच असेल तर लेगोची स्वतःची सूचना ४० अंशांहून गरम पाणी वापरू नये अशी आहे. सौम्य साबण घ्यावा, स्टिकर आणि विजेचे भाग पाण्याबाहेर ठेवावेत आणि विटा गच्चीच्या उन्हात किंवा हेअर ड्रायरने न वाळवता पंख्याखाली दोन दिवस पसरून ठेवाव्यात, कारण खालच्या पोकळ्यांत पाणी बराच वेळ अडून राहते.

शेवटी, विलग करण्यापूर्वी प्रत्येक इमारतीचे पुढून, मागून आणि वरून छायाचित्र काढा आणि डब्यावर संचाचा क्रमांक लिहा. पुस्तिका हरवली किंवा तिला बुरशी आली तरी त्या क्रमांकावरून जोडणीच्या सूचना लेगोच्या संकेतस्थळावर शोधता येतात.