सव्वाशे ग्रॅम पाव आणि महायुद्ध

प्रश्न : सातवीला इतिहास शिकवते. दुसऱ्या महायुद्धाच्या सनावळ्या मुलं घडाघडा म्हणतात, पण मनाला काही भिडत नाही. सगळ्या विषयांना जोडणारं सूत्र म्हणून 'शौर्य' किंवा 'शांतता' घेऊ का?

हे शब्द फार मोठे आहेत. त्यांत काहीही मावतं, म्हणून शेवटी हाती काही लागत नाही. मुलांना हातात धरता येईल असं काहीतरी घ्या. मी 'अन्न' घेते, आणि सुरुवात पावाच्या एका तुकड्यापासून करते.

सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन फौजांनी सोव्हिएत रशियातल्या लेनिनग्राड शहराला (आजचं सेंट पीटर्सबर्ग) वेढा घातला. तो पुरता उठला जानेवारी १९४४ मध्ये. २० नोव्हेंबर १९४१ पासून सुमारे पाच आठवडे तिथे कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम पाव मिळे. लहान मुलांना १२५ ग्रॅम, आणि तोही भेसळीचा. प्रयोगशाळेतला तराजू वर्गात आणा आणि सव्वाशे ग्रॅम मुलांनाच तोलू द्या. माझ्या वर्गात एका मुलीने तो तुकडा वहीवर ठेवून पेन्सिलीने त्याची कड आखून घेतली. बराच वेळ त्या आकृतीकडे बघत राहिली आणि मग विचारलं, "बाई, हा सकाळीच खायचा की रात्रीसाठी ठेवायचा?" उरलेला तास आम्ही त्यावरच बोललो. नेमलेला धडा तसाच राहिला, आणि त्याची मला अजूनही खंत नाही.

प्रश्न : आमचे गणिताचे सर म्हणतात, "रणगाड्यांच्या बेरजा घालतो, झालं काम!" त्यांना कसं समजवावं?

समजवू नका, त्यांना खरं गणित द्या. रणगाड्यांच्या बेरजेत ना गणित वाढतं, ना इतिहास. ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० मध्ये रेशनिंग सुरू झालं तेव्हा माणशी आठवड्याला ४ औंस लोणी मिळे. औंसांचे ग्रॅम करा, चौघांच्या घराचा आठवडा बसवून बघा. मजा म्हणजे पावावर तिथे युद्धात रेशन नव्हतं; ते आलं जुलै १९४६ मध्ये, युद्ध संपल्यावर. का, हे मुलांना शोधू द्या.

विज्ञानाला उष्मांक आहेतच : साध्या पावाच्या १२५ ग्रॅममधून जेमतेम ३०० किलोकॅलरी मिळतात. त्याच लेनिनग्राडमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी जगभरातून जमवलेलं बियाणं जपलं आणि त्यांच्यातले काही जण भुकेने गेले, ही गोष्ट जरूर सांगा. भूगोलाला लेनिनग्राडजवळच्या लाडोगा सरोवराच्या बर्फावरून वेढ्यातल्या शहरात धान्य आणणारा रस्ता द्या. सगळ्या विषयांना एकदम ओढू नका. दोन विषय आणि दोन आठवडे पुष्कळ झाले.

प्रश्न : मुलांना एक दिवस उपाशी ठेवून अनुभव द्यावा का?

अजिबात नको. संध्याकाळी घरी जेवण मिळणार हे ठाऊक असलेली भूक ही वेढ्यातली भूक नव्हे. शिवाय वर्गातलं एखादं मूल खरंच उपाशी आलेलं असू शकतं.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे. इतकं भयंकर तिला झेपेल?

मृतदेहांची छायाचित्रं नकोत, हे शाळेला स्पष्ट सांगा. वस्तू, आकडे, रोजनिशी यांतून कळलेलं या वयाची मुलं पेलतात. तिने थेट विचारलं, तर उत्तरही थेट द्या. टाळाटाळीने भीती वाढते.

प्रश्न : एका मुलाने विचारलं, "बंगालला तर वेढा पडला नव्हता, मग १९४३ च्या दुष्काळात माणसं का मेली?" मी अडखळलो.

सर, त्या मुलाने विषयाच्या मर्मावर बोट ठेवलंय. त्याला घाईने उत्तर देऊ नका. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती गेलं आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ थांबला. शत्रूला मिळू नयेत म्हणून सरकारने किनारपट्टीतल्या होड्या काढून घेतल्या. मासेमारी आणि वाहतूक दोन्ही बसली. ऑक्टोबर १९४२ मध्ये चक्रीवादळ आलं. भाव भडकले, साठेबाजी झाली, आणि धान्य पुरवताना कलकत्त्यातल्या युद्धाशी संबंधित कामगारांना झुकतं माप मिळालं. लाखो लोक मेले. तीस लाखांच्या आसपासचा अंदाज अनेकदा दिला जातो.

चित्रकलेच्या तासाला चित्तप्रसाद आणि झैनुल आबेदिन यांची दुष्काळातली रेखाचित्रं दाखवा. फोटो जिथे टाळायचे, तिथे ती रेषा चालते. मग फळ्यावर ही सगळी कारणं ओळीने लिहा आणि प्रत्येकापुढे 'हे कोणी ठरवलं?' असा रकाना आखा. मुलांनाच भरू द्या. वादळापुढचा रकाना तेवढा कोरा राहतो.