रिट्रीटहून परतलेल्या अध्यक्षेस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे तक्त्याचे छायाचित्र मिळाले. तळ्याकाठची लाकडी घरे, दारातल्या टोपलीत जमा केलेले फोन आणि टेबलावर मांडलेल्या पन्नास कार्डांतून प्रत्येकीने निवडायची तीन मूल्ये, हे वाचताना मला वीस-बावीस वर्षांपूर्वीची आमच्या सोरोरिटीची, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींच्या संघटनेची, रिट्रीट आठवली, म्हणजे सगळ्यांनी गावाबाहेर एकत्र राहून घेतलेले शिबिर. आमच्या वेळी ती कार्डे कागद कापून हाताने लिहिलेली असत, एवढाच फरक. तू निष्ठा, प्रामाणिकपणा आणि सेवा ही तीन कार्डे उचललीस. नव्या अध्यक्षेने हीच उचलावीत असे कोणालाही वाटेल आणि म्हणूनच मी थोडी साशंक आहे. तळ्याकाठी ही तिन्ही गुण्यागोविंदाने नांदतात, कारण तिथे कोणाचे बिल थकलेले नसते. सत्र सुरू झाले की त्यांची आपसात भांडणे लागतात, आणि तेव्हा कोणते कार्ड वर ठेवायचे हे त्या खेळात कोणी विचारत नाही.

माझी एक गोष्ट तुला आजवर सांगितलेली नाही. तिसऱ्या वर्षी मी आमच्या शाखेची खजिनदार होते. एका आश्रयगृहासाठी निधी जमवायला आम्ही पॅनकेकच्या न्याहारीचा कार्यक्रम केला आणि जमलेल्या रकमेतले सहाशे चाळीस डॉलर टी-शर्टांच्या बिलाकडे ‘तात्पुरते’ वळवावेत असे आमची अध्यक्षा म्हणाली. ती माझी ‘बिग’ होती, म्हणजे पहिल्या वर्षी मला धाकटी बहीण मानून सांभाळणारी, माझ्या तापात रात्रभर उशाशी बसलेली सीनियर. मी चेकवर सही केली. पुढच्या बैठकीत पहिल्या वर्षाच्या एका मुलीने आश्रयगृहाला पैसे पोचले का, असे विचारले, तेव्हा ‘काम चालू आहे’ असे उत्तर मी दिले. दोन महिन्यांनी वर्गणी जमली, आश्रयगृहाची रक्कम पूर्ण पोचती झाली, वही जुळली, आणि कोणाचेच काही बिघडले नाही असे मी पुढे कित्येक वर्षे स्वतःला बजावत राहिले. मात्र ती मुलगी पुढच्या सत्रात संस्था सोडून गेली आणि मी तिला कारण विचारायला गेले नाही, कारण ते मला ठाऊक होते. निष्ठा आणि प्रामाणिकपणा ही दोन्ही कार्डे त्या वर्षी माझ्याही खोलीच्या भिंतीवर होती. आपल्या आया ज्या वहीत भिशी मांडतात तिच्यात ‘काम चालू आहे’ असा रकाना नसतो. पैसे आले किंवा आले नाहीत, आणि तेही सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचे. म्हणून तुला सांगते, मदतनिधीचे खाते वेगळे ठेव, चेकवर दोघींच्या सह्या घे, आणि दर महिन्याचा जमाखर्च बैठकीत वाचून दाखव. खजिनदार तुझी जिवलग मैत्रीण असेल तर हे दुप्पट काटेकोरपणे कर, नाहीतर उद्या तिच्यावर माझ्यासारखी वेळ आणणारी तूच असशील.

तुमच्या मार्गदर्शक बाईंनी संस्थेच्या संस्थापिकांची गोष्ट सांगितली आणि तुझ्या अंगावर काटा आला, असे तू लिहितेस. यावा असाच तो इतिहास आहे. मुलांच्या तशाच संघटनांची, म्हणजे फ्रॅटर्निटींची, दारे मुलींना बंद होती, तेव्हा 1870 साली इंडियानातल्या एका कॉलेजात चार विद्यार्थिनींनी ‘कॅपा आल्फा थीटा’ काढली. ‘सोरोरिटी’ हा शब्द तर त्यानंतर बारा वर्षांनी, 1882 साली, सिराक्यूजच्या एका लॅटिनच्या प्राध्यापकांनी ‘गॅमा फाय बीटा’ या मुलींच्या संस्थेसाठी सुचवला. हॉवर्ड विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी 1908 मध्ये ‘आल्फा कॅपा आल्फा’ स्थापन केली. तिथल्याच बावीस जणींनी 1913 च्या जानेवारीत ‘डेल्टा सिग्मा थीटा’ उभी केली आणि त्यांचे पहिले जाहीर काम काय, तर 3 मार्च रोजी वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या स्त्री-मताधिकाराच्या मोर्चात सामील होणे! संस्था जेमतेम दोन महिन्यांची असताना हा निर्णय घेणाऱ्या त्या मुली तुझ्याच वयाच्या होत्या.

पण हा इतिहास रिट्रीटमध्ये नेहमी अर्धाच सांगितला जातो. बंद दारासमोर उभे राहून ज्यांनी स्वतःचे घर बांधले, त्यांच्या वारसदारांनी पुढे आपल्या दारालाही कडी घातली. अलाबामा विद्यापीठात 2013 साली तिथल्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने छापले, की उत्तम गुण आणि उत्तम शिफारशी असलेल्या एका कृष्णवर्णीय मुलीला परंपरेने गोऱ्या असलेल्या सोरोरिटींनी नाकारले, आणि आतल्या मुलींना ती हवी असूनही माजी सदस्यांनी मध्ये पडून तिचे नाव मागे सारले. आतल्याच एका सदस्येने हे स्वतःच्या नावानिशी सांगितले. मग विद्यापीठाला हालचाल करावी लागली आणि प्रवेशाची प्रक्रिया पुन्हा खुली झाली. नावानिशी बोलणाऱ्या त्या सदस्येला निष्ठा नव्हती असे तू म्हणशील का?

हे वाचले तेव्हा मला माझी आजी आठवली. आजोबा गेल्यानंतर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती माजघरात बसून वाणाच्या वाट्या मोजून द्यायची आणि ओटीवर येत नसे. बाहेर बसलेल्या बायका दुष्ट नव्हत्या. त्यांतल्या निम्म्या तिच्या आजारपणात डबे घेऊन आल्या होत्या. ‘पद्धत आहे’ एवढेच कारण होते आणि ते कोणी उच्चारतही नसे. एका वर्षी माझ्या आईने सगळ्यांत आधी आजीलाच कुंकू लावले. पुढच्या संक्रांतीला दोन शेजारणी आल्या नाहीत, आणि आईला त्याचे वाईट वाटले हेही मी पाहिले आहे. तुमच्या रिक्रूटमेंटच्या, म्हणजे नव्या सदस्या निवडण्याच्या, खोलीत मध्यरात्री नावांवर चर्चा होईल, तेव्हा ‘ती आपल्यात बसेल असे वाटत नाही’ हे वाक्य कोणीतरी म्हणेलच. त्या वेळी वाद घालू नकोस. शांतपणे विचार, ‘कशावरून?’ आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घेण्याची तयारी दाखव. ही कारणे बहुधा कागदावर उतरायला तयार नसतात.

बैठकीच्या नियमांना तू ‘कंटाळवाणे’ म्हटले आहेस, त्याविषयी थोडेसे. ‘रॉबर्ट्स रूल्स’ हे सभा चालवण्याच्या नियमांचे पुस्तक लिहिणारा हेन्री रॉबर्ट हा लष्करातला इंजिनियर होता. 1863 च्या सुमारास चर्चच्या एका सभेचे अध्यक्षपद त्याच्या गळ्यात पडले, सभेत गोंधळ माजला आणि फजिती झाली. त्या फजितीतून 1876 साली त्याचे पुस्तक निघाले. ठराव, अनुमोदन, गणपूर्ती, एकावेळी एकीनेच बोलणे, ही सगळी कटकट मोठ्या आवाजाच्या मुलींसाठी नसून त्या पहिल्या वर्षाच्या मुलीसाठी आहे, जिने माझ्या बैठकीत एकदाच हात वर केला होता. आमच्या अध्यक्षेने तेव्हा ‘आणखी कोणाला काही विचारायचे आहे का’ असे म्हणून दहा सेकंद थांबण्याऐवजी पुढचा विषय घेतला. तू थांबत जा. दहा सेकंद फार लांब वाटतात, वाटू दे.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते, जो तू पत्राच्या शेवटच्या चार ओळींत घाईने उरकला आहेस. शेवटच्या रात्री शेकोटीभोवती एका मुलीने वडिलांची नोकरी गेल्याचे आणि पुढची वर्गणी भरता येईल की नाही ठाऊक नसल्याचे सांगितले, आणि बुधवारपर्यंत ग्रुपवर तिच्यासाठी वर्गणी काढायची चर्चा सुरू झाली. सर्वांचा हेतू चांगला आहे हे मला मान्य आहे. तरी शेकोटीजवळ रडले म्हणजे जवळीक झाली असे मानण्याची ही रिट्रीटची रीत मला कधीच पटलेली नाही; अंधारात, दमलेल्या अवस्थेत, सगळ्या बोलल्या म्हणून बोललेली गोष्ट सकाळच्या उजेडात त्या मुलीला परत हवी असू शकते. ग्रुपवरची ती चर्चा आजच थांबव, कारण करण्याआधी थांबवलेले उपकार निस्तरता येतात, केलेले येत नाहीत. मग मेसेज न करता स्वतः तिच्याकडे जा. तिची गोष्ट बाहेर गेली याबद्दल अध्यक्ष म्हणून क्षमा माग, स्पष्टीकरण देऊ नकोस, आणि तिला काय हवे आहे ते विचार. ‘काही नको’ म्हणाली तर तेवढ्यावर थांब. हप्त्याने वर्गणी भरण्याची सोय तुमच्या उपनियमांत असेल तर ती सगळ्यांना, कोणाचेही नाव न घेता, पुढच्या बैठकीत वाचून दाखव. नसेल तर तसा ठराव आण. म्हणजे तिला कोणाची दया घ्यावी लागणार नाही, आणि तिच्यासारख्या गप्प बसलेल्या आणखी दोघी-तिघी असतील तर त्यांनाही वाट मिळेल. माझ्या अनुभवात त्या असतातच.

रविवारी मी घरीच आहे. येताना उपनियमांची प्रत घेऊन ये, वर्गणीचे कलम दोघी मिळून वाचू. आमटी-भात करते, तुझ्या मेसमधल्या जेवणाबद्दल तू जे लिहिले आहेस त्यावरून तेवढेही पुरेल असे दिसते.

तुझी,
मावशी