पॅकहाऊसची वही

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

द्राक्षाचा सीझन तोंडावर आलाय आणि पॅकहाऊसला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, असं तू विचारलं आहेस. ते बघू. आधी प्रीकूलिंगला, म्हणजे पेटी बंद करण्याआधी माल थंड करायच्या खोलीत, रात्रपाळी करणाऱ्या माणसाजवळ चार रात्री बस.

आमच्याकडे असा एक जण होता. मण्यात तापमापकाची सुई खुपसून बघायचा. चार अंशांपर्यंत उतरल्याशिवाय ग्रेप गार्डचा, म्हणजे बुरशी रोखायला हळूहळू सल्फर डायऑक्साइड वायू सोडणारा, कागद टाकून पेटी बंद करू द्यायचा नाही. एका वर्षी तो गावी गेला तो आलाच नाही. ऐन फेब्रुवारीच्या घाईत नव्या पोरांनी गरम मालावरच पिशव्या बंद केल्या. आत घाम धरला, कागदातला सल्फर डायऑक्साइड एकदम सुटला. महिन्याभराने रॉटरडॅमहून फोटो आले, देठाजवळ मणी पांढरेफटक. पॅलेटच्या नंबरावरून रात्र सापडली, कारण सापडेना. शेवटी त्यालाच फोन लावला. दोन मिनिटांत सांगितलं त्याने. इतकी वर्षं तो समोर होता आणि मी ते कधी लिहून घेतलं नाही, याची खंत अजून आहे.

2010 तर सगळ्या नाशिकला आठवतं. युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे सीसीसीचा, अंश सापडला आणि कंटेनर अडकले. अपेडाचं, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेचं, ग्रेपनेट 2006 पासून होतं; निर्यातीच्या द्राक्षाचा माग ठेवणारी ती ऑनलाइन नोंद. प्लॉट नोंदलेले, प्रयोगशाळेचे दाखले हातात. पण तपासायच्या रसायनांच्या यादीत सीसीसीच नव्हतं. वेलीची वाढ आवरायला ते वर्षानुवर्षं मारलं जातंय, हे बांधावर सगळ्यांना ठाऊक होतं. बांधावरची गोष्ट यादी करणाऱ्याच्या टेबलापर्यंत गेली नाही, एवढंच. नंतर ते यादीत आलं, पण शेतकऱ्याचं जे जायचं ते गेलं होतं.

म्हणून वही घाल. साधी, जाड पुठ्ठ्याची. तिच्यात काय करायचं हे थोडं आणि का करायचं हे जास्त लिही. तक्रारीचा प्रत्येक फोटो त्या कंटेनरच्या तापमानाच्या आलेखाशेजारी चिकटव. ग्रेडिंगच्या बायकांना विचार, कुठल्या प्लॉटचा मणी कात्रीखाली मऊ लागतो. त्यांना ते लॅबच्या आधी कळतं, आणि कुणी विचारत नाही म्हणून त्या बोलत नाहीत. 2023च्या डिसेंबरपासून तांबड्या समुद्रातली जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, प्रवास दोनेक आठवड्यांनी लांबला. तेव्हा कुणाचा माल टिकतो हे ज्यांनी आधीच टिपून ठेवलं होतं, त्यांना प्लॉट निवडताना चाचपडावं लागलं नाही.

सॉफ्टवेअर त्या वहीवरून ठरव. आणि गेल्या सीझनच्या तक्रारींचे फोटो फोनमधून पुसू नकोस. मी पुढच्या आठवड्यात येतोय. आमच्या रात्रपाळीच्या त्या जुन्या माणसालाही बोलावलंय, तिघं मिळून पहिली पानं लिहू.

तुझा,
काका