जळजळ नाही, मग खोकला ॲसिडिटीचा कसा?

प्रश्न : डॉक्टर, वय ४६. चार महिने झाले कोरडा खोकला आहे, जेवण झालं की आणि रात्री आडवं पडलं की जास्त, बोलता बोलता ठसका लागतो, सकाळी आवाज बसलेला असतो. एक्स-रे नॉर्मल आला, कफ सिरप झाली, अँटिबायोटिक झालं, आता ॲसिडिटीची गोळी दिलीय. पण मला छातीत जळजळ अजिबात होत नाही! तीन आठवडे रोज झोपताना गोळी घेतेय, फरक शून्य. बंद करू का?

उत्तर : इतक्यात नको, आधी वेळ बदला. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल वगैरे गोळ्या जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायच्या असतात, झोपताना घेतल्या तर पुरता उपयोग होत नाही, आणि हे बऱ्याचदा कुणी सांगतच नाही.

जळजळ नसतानाही रिफ्लक्सचा, म्हणजे पोटातलं वर चढल्याने होणारा, खोकला होतो. पोटातलं आंबट पाणी कधी पार घशापर्यंत चढून स्वरयंत्राला त्रास देतं, तुमचा बसलेला आवाज त्यातलाच असू शकतो. कधी ते वरपर्यंत येतही नाही, पण अन्ननलिका आणि श्वासनलिका दोन्हीकडे एकाच नसेच्या फांद्या जातात, खाली ती चाळवली की वर खोकला सुटतो. त्यात खोकलं की पोटावर दाब येऊन पाणी आणखी वर ढकललं जातं, म्हणजे चक्र चालूच.

आता खरी गोम अशी की गोळी ॲसिड कमी करते, पाणी वर चढणं थांबवत नाही. म्हणून जळजळ नसलेल्यांना नुसत्या गोळीने बरेचदा फारसा फरक पडत नाही. रात्रीचं जेवण हलकं आणि झोपायच्या तीन तास आधी, पोटाचा घेर जास्त असेल तर वजन कमी, सिगारेट असेल तर बंद. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंमीचे ठोकळे लावा. उशांवर उशा रचू नका, त्याने माणूस कमरेत वाकतो आणि पोट उलट दाबलं जातं. डाव्या कुशीवर झोपा. हे सगळं नीट करूनही खोकला जायला दोन-तीन महिने लागू शकतात, तेवढा धीर धरा. तरी फरक नाही तर वर्षभर गोळ्या गिळत बसण्यापेक्षा २४ तासांची पीएच टेस्ट (अन्ननलिकेत ॲसिड किती चढतं ते मोजणारी) करायची का ते डॉक्टरांना विचारा.

खोकल्यातून रक्त, ताप, वजन उतरणं, दम लागणं, घास अडकणं यातलं काही असेल तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा. एक्स-रे नॉर्मल असला तरी दमा असू शकतो, त्यासाठी फुंकायची टेस्ट वेगळी असते, आणि नाकातून घशात उतरणारा शेंबूड हेही नेहमीचं कारण आहे, तेही एकदा तपासून घ्या.

आणि हो, बीपीची गोळी चालू आहे का ते तुम्ही लिहिलं नाही. रामिप्रिल, एनालाप्रिल असल्या गोळ्यांनी अगदी असाच कोरडा खोकला येतो. पाकिटावर नाव बघा, तसं असेल तर डॉक्टर दुसरी गोळी देतील, स्वतःहून बंद करू नका.